सॉलिडवर्क्सचं ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये आणि तिथून लेझरवाल्याकडे जाताना का बिघडतं? न बिघडवणारा कन्व्हर्टर कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये नव्याने लागलात, पुण्याची पार्टी सॉलिडवर्क्स (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) वापरते, तुमच्याकडे जुनं ऑटोकॅड आहे, लेझरने पत्रा कापून देणारा डीएक्सएफ (ड्रॉइंग एका कॅडमधून दुसरीकडे न्यायची फाईल) मागतो, आणि या साखळीत दर वेळी कुठेतरी माप नाहीतर अक्षरं बिघडतात. शिवाय ऑनलाइन कन्व्हर्टर वापरावा का, हेही विचारलंय.

काहीच न बिघडवणारा कन्व्हर्टर नसतो. तो शोधण्याआधी समोरचा त्या फाईलचं काय करणार आहे ते विचारा. कापणार, वाकवणार, मशीनिंग करणार, की नुसतं बघून कोटेशन देणार? मी सोलापुरात अक्कलकोट रोडला फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांची ड्रॉइंगं करून देतो. माझ्याकडे ज्या 'बिघडलेल्या' फाइली येतात त्यात सॉफ्टवेअरचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा फाईल ठीकच असते, पण ती दुसऱ्याच कामासाठी काढलेली असते.

(सोलापुरात कॅड म्हटलं की निम्म्या लोकांना जकार्डचं, म्हणजे टॉवेल-चादरीच्या विणकामाचं डिझाईनच आठवतं. त्याचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. तिथे चित्रातला एक ठिपका म्हणजे एक हूक (उभे धागे उचलणारा) आणि एक पिक (आडवा धागा), त्यामुळे चित्र थोडं लहान-मोठं केलं किंवा जेपीजीत सेव्ह करून रंग एकमेकांत मिसळू दिले की टॉवेलचं डिझाईन गेलंच. चुकून त्यासाठी आला असाल तर खालचं काही उपयोगाचं नाही.)

लेझरपासून सुरू करतो, कारण तुमचं दुखणं तिथेच दिसतंय. पार्टीकडे पार्टचं ड्रॉइंग शीट असतं, समजा एकास दोन स्केलचं. ते सरळ 'सेव्ह अ‍ॅज' करून डीएक्सएफ काढली की शीटवर जेवढं दिसतं तेवढंच बाहेर पडू शकतं, म्हणजे अर्धं. गंमत अशी की डायमेन्शन मात्र २४० च दाखवतं, कारण मोजलेल्या लांबीला दोनाने गुणून दाखवायचं हे त्या डायमेन्शनमध्येच बसवलेलं असतं. तुम्ही २४० वाचता आणि पुढे पाठवता. मशीनला आकडा वाचता येत नाही, ते रेघ कापतं. हातात १२० ची पट्टी येते. सॉलिडवर्क्सच्या एक्सपोर्ट ऑप्शन्समध्ये आउटपुट एकास एक स्केलला काढायची टिक आहे, ती पार्टीला लावायला सांगा. पण त्याच शीटवर एखादा डिटेल व्ह्यू वेगळ्या स्केलचा असेल तर तो टिक लावूनही चुकीचाच राहतो.

म्हणून पत्र्याच्या जॉबला ड्रॉइंगमधून काढलेली डीएक्सएफ घेऊच नका. थेट पार्टमधून फ्लॅट पॅटर्नची, म्हणजे वाकवण्याआधीच्या उलगडलेल्या सपाट पत्र्याची मागा. त्यात बेंडच्या रेघा वेगळ्या लेयरवर हव्यात, नाहीतर बंद. त्या कापायच्या लेयरवर राहिल्या तर लेझर त्याही कापतो आणि एका ब्रॅकेटचे दोन तुकडे होऊन येतात.

आता हा फ्लॅट कुणी काढायचा, यावरही बरंच काही अवलंबून आहे. पत्रा वाकवताना आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, आणि मधे कुठेतरी लांबी न बदलणारी पातळी असते. ती जाडीत नेमकी कुठे धरायची, याचा आकडा म्हणजे के-फॅक्टर. पुण्याच्या डिझाइनरने सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेला आकडा तसाच ठेवला असेल, तर तो तुमच्या प्रेस ब्रेकला (पत्रा वाकवायच्या मशीनला), तुमच्या पंच-डायला जुळेलच असं नाही. दोन-तीन बेंड असलेल्या, माप काटेकोर असलेल्या जॉबला मी थ्रीडी फाईल मागवतो आणि बेंडिंग करणाऱ्याला त्याचा आकडा विचारूनच फ्लॅट काढतो. सपाट प्लेटला हा प्रश्न येत नाही.

लेझरवाल्याचं आणखी एक रडगाणं असतं, 'कर्व्ह दिसत नाही'. कारण बरीच जुनी कटिंग सॉफ्टवेअरं फक्त सरळ रेघ आणि आर्क ओळखतात. स्प्लाइन (मोकळी वळणारी रेघ) आली की ती गायब होते किंवा मशीन अडखळतं. अशा वेळी ऑटोकॅडमधून आर-१२ च्या डीएक्सएफमध्ये सेव्ह करा. त्या जुन्या रचनेत स्प्लाइन नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे ती आपोआप बारीक तुकड्यांची पॉलिलाइन होऊन जाते. तुकडे फार झाले तर कड खरबरीत येते, तेव्हा दिसण्यात येणारा पार्ट असेल तर स्प्लाइनच्या जागी हाताने आर्क बसवलेले बरे. पाठवण्याआधी ऑटोकॅडची 'ओव्हरकिल' ही जादा रेघा काढणारी कमांड चालवा. एकावर एक बसलेल्या दोन रेघा स्क्रीनवर एकच दिसतात, पण मशीन दोनदा कापतं आणि कड जळते.

मापाच्या एककाचा घोळ झालाय का, हे बघायला सॉफ्टवेअरही लागत नाही. डीएक्सएफ ही साधी मजकुराची फाईल आहे. नोटपॅडमध्ये उघडा आणि 'इन्सयुनिट्स' (INSUNITS) शोधा, त्याच्या आधी डॉलरचं चिन्ह असतं. खालच्या ओळीत ७० आणि त्याखाली एक आकडा दिसेल. १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ० म्हणजे पाठवणाऱ्याने काहीच सांगितलेलं नाही. आर-१२ मध्ये ही ओळच नसते, तेव्हा मेलमध्ये 'सर्व मापे मिमी' असं स्पष्ट लिहा. तसा इंच-मिलिमीटरचा गोंधळ मला फारसा धोक्याचा वाटत नाही. २५.४ पट फरक आंधळ्यालाही दिसतो.

न दिसणारा फरक वाईट. आमच्या फाउंड्रीवाल्यांकडचं उदाहरण देतो. बिडाचं कास्टिंग गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नचं (साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याचं) मॉडेल तेवढं वाढवून ठेवलेलं असतं. एका पार्टीने मशीन शॉपला फिनिश पार्टऐवजी ही वाढवलेली फाईल धाडली. आकार तोच, भोकं तेवढीच, स्क्रीनवर संशय यावा असं काही नाही. फक्त दोन बोअरमधलं अंतर २०० ऐवजी २०२. सोबत पीडीएफ होती आणि सेटरने फिक्श्चर लावण्याआधी ती बघितली, म्हणून कास्टिंग वाचलं.

तीच गोष्ट हाताने टाइप केलेल्या डायमेन्शनची. घाईत रेघ न बदलता नुसता आकडा बदलायची खोड जुन्या ड्राफ्ट्समनमध्ये फार. रेघ ११८.६ ची, वर लिहिलंय १२०. एका सॉफ्टवेअरमध्ये तो लिहिलेला आकडा टिकतो, दुसऱ्यात खरी लांबी उघडी पडते, आणि मग सगळे म्हणतात कन्व्हर्ट करताना माप बदललं. ते मूळ ड्रॉइंगमध्येच चुकलेलं होतं.

तुमच्या जुन्या ऑटोकॅडमध्ये डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची स्वतःची फाईल) उघडत नसेल, तर त्याचं कारण बहुधा व्हर्जन. तीही नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण अगदी सुरुवातीला ए, सी आणि चार आकडे वाचता येतील. १०१५ म्हणजे २००० ची रचना, १०१८ म्हणजे २००४, १०२१ म्हणजे २००७, १०२४ म्हणजे २०१०, १०२७ म्हणजे २०१३ आणि १०३२ म्हणजे २०१८. मागच्या रचनेत आणायला ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे. ओपन डिझाइन अलायन्सचं ओडीए फाईल कन्व्हर्टर तर अख्खं फोल्डर एका दमात करतं. नोटपॅडमध्ये डीडब्ल्यूजी चुकूनही सेव्ह करू नका. खरं तर कॉपी करूनच उघडा, म्हणजे चिंता नको.

अक्षरांचं म्हणाल तर फाँट ड्रॉइंगच्या आत नसतो, त्याचं फक्त नाव असतं. तो फाँट तुमच्याकडे नसेल तर दुसरा बसतो, आणि व्यासाच्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा चौकोन येतो. ड्रॉइंग ऑटोकॅडमधून आलेलं असेल तर पाठवणाऱ्याला 'ई-ट्रान्समिट' करून झिप पाठवायला सांगा, त्यात फाँट आणि जोडलेली बाकीची ड्रॉइंगंही येतात. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये लिहिलेला मराठी मजकूर मात्र तो फाँट नसेल तर अगम्यच दिसणार. तो पुन्हा टाइप करा, त्यात डोकं घालू नका.

थ्रीडीकडे येतो. एका कॅडमधून दुसऱ्यात आकार न्यायला स्टेप नावाची फाईल मागा. आयएसओ १०३०३ हे तिचं मानक, पहिल्यांदा १९९४ मध्ये आलं. आयजेस हा तशाच कामाचा दुसरा फाईल-प्रकार त्याहून जुना, १९८० चा, आणि १९९६ च्या ५.३ व्हर्जननंतर त्याचं नवं व्हर्जन आलंच नाही. त्यातून पार्ट बऱ्याचदा नुसती कातडी होऊन येतो, कडांमध्ये फटी राहतात आणि त्या शिवत बसावं लागतं. दुसरं काहीच मिळत नसेल तरच घ्या. दोन्हीकडे सॉलिडवर्क्स, एनएक्स किंवा सॉलिड एज असेल तर स्टेपपेक्षाही पॅरासॉलिड फाईल चांगली, कारण तिन्हींच्या पोटात आकार तयार करणारं तेच इंजिन आहे. (सॉलिडवर्क्स दसॉल्टचं, आणि त्याचं इंजिन प्रतिस्पर्धी सीमेन्सचं. धंद्यात असंही चालतं.)

स्टेपमध्ये काय येत नाही हे पार्टीलाही माहीत नसतं. फीचर, म्हणजे मॉडेल ज्या टप्प्यांनी बनवलं ते, येत नाहीत. कडक भाकरी हातात मिळते, पीठ किती आणि कसं मळलं ते कळत नाही. त्यामुळे 'भोक जरा सरकवा' म्हटलं तर मूळ स्केच शोधत बसू नका, ते आलेलंच नसतं. आटे येत नाहीत, हे जास्त महागात पडतं. सॉलिडवर्क्समध्ये एम-८ च्या टॅप होलचे आटे नुसते दाखवण्यापुरते असतात. स्टेपमध्ये तिथे ६.८ मिमीचं साधं भोक दिसतं. मशीनवाला ६.८ चं ड्रिल मारून मोकळा. टॉलरन्स, फिनिश, हीट ट्रीटमेंटचंही तेच. एपी-२४२ प्रकारच्या स्टेपमध्ये टॉलरन्स नेण्याची सोय आहे, पण पाठवणाऱ्याने ती भरलेली हवी आणि तुमच्या सॉफ्टवेअरला वाचता यायला हवी. आपल्याकडच्या जॉबवर्कला तेवढी वाट बघू नका, स्टेपसोबत मापांची पीडीएफ मागा आणि पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहून घ्या की दोघांत फरक असेल तर शेवटचा शब्द पीडीएफचा. परदेशी पार्टीची पीडीएफ असेल तर कोपऱ्यातलं प्रोजेक्शनचं (कोणता व्ह्यू कुठल्या बाजूला मांडलाय ते सांगणारं) चिन्ह बघा. आपण फर्स्ट अँगल शिकलो, अमेरिकन शीट थर्ड अँगलचं असतं.

फाईल आली की मी आधी तीन गोष्टी बघतो: पार्टची सर्वात जास्त लांबी-रुंदी-उंची, लांबचं एक भोक-ते-भोक अंतर, आणि व्हॉल्यूम. पार्टीकडून त्यांच्या स्क्रीनवरचं व्हॉल्यूम व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. जुळलं तर आकार नीट आला. व्हॉल्यूम निघतच नसेल तर सॉलिड न येता सरफेस आलेत. तुमच्याकडे थ्रीडी नसेल तर फ्रीकॅड टाका, फुकट आहे आणि स्टेप व्यवस्थित उघडतं.

पीडीएफवरून ड्रॉइंग करायचं असेल तर ऑटोकॅड २०१७ पासून 'पीडीएफ इम्पोर्ट' आहे. ती पीडीएफ कॅडमधून निघालेली हवी. स्कॅन केलेल्या कागदातून रेघ मिळत नाही, तिथे मापं वाचून नव्याने काढणं हाच जवळचा रस्ता.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल: वापरू नका. ते सगळेच वाईट असतात म्हणून नव्हे, पण ड्रॉइंग पार्टीचं आहे, तुमचं नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पीओच्या मागच्या पानावर ड्रॉइंग तिसऱ्याला द्यायचं नाही अशी अट असते, आणि अनोळखी सर्व्हरवर चढवणं म्हणजे तिसऱ्याला देणंच. पार्टीच्या डिझाइनरला फोन करून 'स्टेप, फ्लॅटची डीएक्सएफ आणि पीडीएफ द्या' म्हटलं तर त्याचं पाच मिनिटांचं काम आहे.