नकाशावरची नावं हाताने लिहिल्यासारखी कशी दिसतील?

राजगड-तोरणा परिसराचा नकाशा तुम्ही क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलात, नावांना 'कलम' फॉन्ट लावलात, तरी तो छापीलच वाटतो, असं तुमचं म्हणणं आहे. फॉन्टला बोल लावू नका, कलम चांगलाच आहे. पण राजगड, सिंहगड, वज्रगड ही नावं एकाच कागदावर आली की तिन्हीकडचा 'गड' हुबेहूब सारखा दिसतो आणि तिथेच सोंग उघडं पडतं. 'गड', 'वाडी', 'खुर्द', 'बुद्रुक' यांचे प्रत्येकी तीन-चार वेगळे आकार करून ते आलटूनपालटून वापरा. बाकीची अक्षरं फारशी कुणी निरखत नाही.

खरी मेख शिरोरेषेत आहे. इंग्रजी ट्यूटोरियलं सांगतात, अक्षरं थोडी वरखाली हलवा. मराठीत तसं केलंत तर रेघेच्या पायऱ्या होतात. आपली अक्षरं रेघेला टांगलेली असतात. हाताने लिहिताना फरक पडतो तो खालच्या टोकांत, काना थोडा लांब, थोडा आखूड. शिवाय बरेच जण आधी अक्षरं लिहितात आणि मग शब्दभर एकच रेघ ओढतात. तेच करा. क्यूजीआयएसमधून नकाशाचा लेआउट एसव्हीजी (वेक्टर चित्राची फाइल) म्हणून काढताना मजकूर मजकूरच राहील असा पर्याय निवडा. मग इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे पाथ, म्हणजे नुसते रेषांचे आकार, करा, वर आयत ठेवून शिरोरेषा कापून टाका आणि कॅलिग्राफी टूलने, कंप अगदी थोडा ठेवून, नवी रेघ ओढा. ती पहिल्या अक्षराच्या किंचित आधी सुरू होऊ दे, शेवटी जराशी चढली तरी चालेल. 'भ' आणि 'ध'वर मात्र फट सोडा, नाहीतर भोरचं मोर होईल!

नीरा, गुंजवणी ही नावं नदीच्या वळणाने लिहायची तर मजकूर थेट वक्र रेषेवर बसवू नका, अक्षरागणिक रेघ मोडते. पाथ करून इंकस्केपचा 'बेंड' इफेक्ट लावा, अख्खा शब्द रेघेसकट वाकतो.

नावांभोवतीचा पांढरा बफर, म्हणजे अक्षरांची पांढरी कड, काढून टाका. हाताने नकाशा काढणारा नाव येतं तिथे समोच्चरेषाच तोडतो. क्यूजीआयएसच्या लेबल मास्कने, म्हणजे नावाखालच्या रेषा झाकणाऱ्या सोयीने, तेच साधतं. शाई निव्वळ काळी नको, काळपट तपकिरी बरी.

आणि खरं सांगू? चाळीस-पन्नासच नावं असतील तर हा खटाटोप कशाला? नकाशा दुप्पट आकारात छापा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून बोरूने किंवा कट निबने नावं लिहा, ६०० डीपीआयला स्कॅन करून इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमधून काढा, म्हणजे स्कॅनचे पाथ होतील, आणि निम्म्यावर आणा. आकार निम्मा झाला की हाताची थरथरही निम्मी होते, त्यामुळे अक्षर फार वळणदार नसलं तरी खपून जातं.