मेनोरा, हनुकिया आणि आपली समई

प्रश्न थोडक्यात असा आलाय: लेकीच्या सासरचे लोक ज्यू आहेत, अमेरिकेत असतात, हनुक्का या त्यांच्या दिव्यांच्या सणाला त्यांच्या घरी जायचंय आणि भेट म्हणून "ते दिव्यांचं स्टँड" न्यायचंय. नेटवर शोधलं तर कुठे मेनोरा दिसतं, कुठे हनुकिया, कुठे सात फांद्या, कुठे नऊ. यातलं नेमकं कुठलं घ्यायचं, आणि सोबतच्या कार्डावर मराठीत काय लिहायचं, समई लिहिलं तर चालेल का, आणि तो मेनोरा की ती मेनोरा.

आधी सात-नऊचं मिटवून टाकू, कारण पैसे तिथेच वाया जातात. मेनोरा हा हिब्रू शब्द, 'नेर' म्हणजे दिवा, त्याच कुळातला, अर्थ सरळ दिव्याचं स्टँड, दीपाधार. सात दिव्यांचा तो जेरुसलेमच्या मंदिरातला, सोन्याचा. रोममधल्या टायटसच्या कमानीवर लूट म्हणून वाहून नेताना कोरलाय तोच, आणि 1949 पासून इस्राएलच्या राजमुद्रेवरही तोच आहे. हनुक्का मात्र आठ रात्रींचा सण, म्हणून आठ दिवे, अधिक बाकीचे पेटवायला एक वेगळा, त्याला म्हणतात शमाश, म्हणजे सेवक. असे नऊ. सात फांद्यांचा कितीही देखणा दिसला तरी हनुक्काला त्याचा उपयोग नाही, आणि मंदिरातल्या मेनोऱ्याची हुबेहूब नक्कल करू नये असं तालमूदातच, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातच, सांगितलंय. त्यामुळे मोजून नऊ आहेत ना एवढं बघा, दुकानदार काहीही म्हणू दे.

आता नाव. इंग्रजी बोलणारे ज्यू दोन्हीला सर्रास मेनोराच म्हणतात, तेव्हा अमेरिकेत मेनोरा म्हणालात तर कुणी हसणार नाही. इस्राएलमध्ये मात्र नऊवाल्याला हनुकिया म्हणतात आणि मेनोरा म्हटलं की सहसा सातवाला समजतात. हनुकिया हा शब्द रोजच्या हिब्रूत रुजवण्याचं श्रेय सहसा हेमदा बेन-येहूदा यांना देतात. आधुनिक हिब्रू उभी करणाऱ्या एलिएझर बेन-येहूदांच्या या पत्नी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची गोष्ट. सण दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि त्याच्या दिव्याचं हे रोजचं नाव जेमतेम सव्वाशे वर्षांचं, मला तर याचीच जास्त गंमत वाटते.

मेनोरा ऐकल्यावर मराठी कानाला लगेच मनोरा आठवतो, आणि प्रश्नातही "मनोऱ्याशी काही संबंध आहे का" असं हळूच विचारलंय. आहे! मनोरा आपल्याकडे आला अरबी 'मनारा'वरून, म्हणजे जिथे उजेड असतो ती जागा, दीपस्तंभ, मग मशिदीचा मिनार, मग कुठलाही उंच बुरूज, आणि आता तर दहीहंडीचे थर लावले तरी त्याला मानवी मनोराच म्हणतात. नूर म्हणजे प्रकाश, तोही त्याच धातूचा. "त्याच्या चेहऱ्याचा नूरच पालटला" असं म्हणतो ना आपण, त्यातला नूर आणि मेनोऱ्यातला नेर ही चुलत भावंडं. हिब्रू आणि अरबी एकाच सेमिटिक घराण्यातल्या, त्यामुळे एक शब्द अरबी-फारसीच्या वाटेने कधीचाच आपल्याकडे येऊन मुरला आणि दुसरा आता इंग्रजीच्या वाटेने येतोय.

पण मग मराठीत मुळात ज्यू लोक असताना या दिव्याला जुना मराठी शब्द का नाही? बेने इस्राएल, म्हणजे हे आपले मराठी ज्यू, शेकडो वर्षं कोकणात, नवगाव-अलिबाग-पेण-रोह्याच्या पट्ट्यात, घरात मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, केहिमकर. त्यांनी आपल्या सणांना अस्सल मराठी नावं दिलेली: रोश हशाना या नववर्षाला नव्याचा सण, योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या उपवासाला दारफाळणीचा सण, मंदिराच्या नाशाचा शोक करायचा तो दिवस बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, तर ते मशीदच म्हणायचे, मुंबईत मशीद स्टेशन आहे ते नाव 1796 सालच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. या जुन्या यादीत हनुक्का नाही. हनुक्काची घटना इ.स.पू. 164 ची, मक्काबी या ज्यू बंडखोरांनी अँटिओकस या ग्रीक राजाच्या ताब्यातून जेरुसलेमचं मंदिर सोडवून पुन्हा शुद्ध केलं ती, आणि आपले पूर्वज त्याच्या आधीच तिकडून निघाले म्हणून हा सण आपल्याला ठाऊक नव्हता असं बेने इस्राएल स्वतः सांगत आले. ते खरं असो की नंतर जुळवलेलं, भाषेपुरता परिणाम एकच, हनुक्का त्यांच्याकडे नंतर बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर आला आणि आपलं हिब्रू नाव घेऊनच आला. आणि हे कोण लोक तर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे! अख्खा सण तेलाच्या दिव्यांचा आणि तो नेमका तेल्यांनाच माहीत नव्हता.

आता समई. पहिल्यांदा मलाही वाटलं की झकास, पितळेची, तेलाची, वाती, अजून काय पाहिजे. पण हनुक्कासाठी समई चालत नाही, आणि याचं कारण फार छान आहे. तालमूदात यावर सरळ चर्चा आहे की एखाद्याने वाडगाभर तेल घेतलं आणि त्याच्या कडेने वाती लावल्या तर ते किती दिवे धरायचे. उत्तर असं की वर भांडं पालथं घातलं असेल, म्हणजे प्रत्येक ज्योत वेगळी राहील, तर वातीगणिक एक दिवा, आणि उघडंच असेल तर ती शेकोटी झाली, एकही दिवा धरायचा नाही. आता आपली समई डोळ्यांपुढे आणा, मधे एक तेलाची वाटी आणि भोवती पाच किंवा सात वाती. म्हणजे त्या हिशोबाने आपण रोज संध्याकाळी देवापुढे छोटी शेकोटी लावतो. हनुक्काच्या दिव्याचा सगळा मुद्दाच मोजण्याचा आहे, पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असं आठापर्यंत, आणि रस्त्यावरून खिडकीकडे बघणाऱ्याला आज कितवी रात्र ते कळलं पाहिजे. (शम्माई आणि हिल्लेल हे दोन जुने ज्यू धर्मगुरू. शम्माईच्या शाळेचं म्हणणं होतं आठपासून उतरत यावं, हिल्लेलच्या शाळेचं एकापासून चढत जावं, चाल पडली ती हिल्लेलची.) म्हणून कार्डावर नुसतं समई लिहू नका. मराठी बायबलमध्ये मात्र या दोन्ही शब्दांना जागा मिळालीय, निर्गमात सात दिव्यांच्या मेनोऱ्याला दीपवृक्ष आणि प्रकटीकरणात सोन्याच्या सात समया. दीपवृक्ष मला फार आवडतो कारण मूळ वर्णनात खरंच फांद्या आहेत, बदामाच्या फुलांसारख्या वाट्या आहेत, झाडच आहे ते. फक्त तो सातवाल्यालाच शोभतो, घरातल्या वीतभर हनुकियाला दीपवृक्ष म्हणणं जरा जास्तच होईल.

खरेदीचं तेवढं पटकन सांगते. आठही दिवे एका ओळीत, एका उंचीवर, आणि शमाश त्यांच्यापासून वेगळा दिसेल असा, वर किंवा बाजूला. गोल, चढउताराचे, शिल्पासारखे मॉडर्न प्रकार शोभेला छान असतात पण कर्मठ घरात देऊ नका. दिवे एकमेकांना फार चिकटून नकोत, टी-लाइटवाल्यात मेण वितळून ज्योती एक होतात आणि मग पुन्हा तीच शेकोटी. काळोख पडल्यावर निदान अर्धा तास जळायला हवेत, त्यामुळे वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या बाद. आठ रात्रींत एक तरी शुक्रवार येतोच, त्या दिवशी शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्यांच्या आधी, म्हणजे सूर्य मावळायच्या आतच हे दिवे लावतात, तेव्हा ते आणखी जास्त वेळ टिकायला लागतात, तेलाचा घेतलात तर त्याच्या वाट्या बऱ्यापैकी खोल आहेत ना बघा. तेल कुठलंही चालतं, ऑलिव्हचं उत्तम. इलेक्ट्रिकवाला खिडकीत लावायला ठीक पण त्यावर आशीर्वाद म्हणता येत नाही असं बहुतेक धर्मगुरू सांगतात. लाकडी टाळा, आग लागायला नको. सोबत मेणबत्त्यांची पेटी द्या, नेहमीची 44 ची असते, आठ रात्रींच्या 36 आणि रोजचा एक शमाश धरून आठ, बरोबर पुरते.

राहिलं लिंग. हिब्रूत मेनोरा स्त्रीलिंगी, पण म्हणून मराठीत ती झालीच पाहिजे असं काही नाही. आपल्याकडे बाहेरून आलेले आकारान्त शब्द बहुतेक 'तो'च होतात, सोफा, कॅमेरा, पिझ्झा, आणि विभक्तीही तशीच घेतात, सोफ्यावर, कॅमेऱ्यात. तेव्हा तो मेनोरा, मेनोऱ्यावर, दोन मेनोरे. 'मेनोऱ्यात' बोलताना 'मनोऱ्यात' ऐकू आलं तर येऊ दे, नातेवाईकच आहेत. कुणी 'ती मेनोरा, मेनोरेवर' लिहिलं तर मी लाल पेन काढणार नाही, पण कानाला ते पुस्तकी वाटतं. हनुकिया मात्र मला 'ती'च वाटते, क्रिया-क्रियेत तशी हनुकिया-हनुकियेत, पण मीडियात, एशियात म्हणतो तसं हनुकियात, हनुकियाला असंही लोक म्हणतीलच आणि मीही वर तेच लिहून गेलेय. सणाचं नाव हनुका, हनुक्का, खानुका सगळं लिहिलेलं दिसतं कारण पहिलं अक्षर ह आणि ख च्या मधलं, घशातून येणारं आहे. क मुळात दुहेरी आहे म्हणून मी हनुक्का लिहिते.

कार्डावर माझ्या मते "हनुक्काच्या शुभेच्छा, ही हनुकिया तुमच्या खिडकीसाठी" एवढं पुरे. मराठी शब्द हवाच असेल तर "नऊ दिव्यांची हनुकिया" लिहा, 'वातींची' नको, कारण बहुधा तुम्ही मेणबत्त्यांचीच घेणार.