नवं कर्नल आलं आणि पडदा काळा

प्रश्न : ताई, चिपळूणला माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. जुन्या लग्नपत्रिका श्रीलिपी या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, म्हणून विंडोज 10 ठेवलंय. बाकी सगळं काम उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर. यंदा उबुंटू 20.04 वरून 22.04 वर नेलं, तेव्हापासून सुरुवातीच्या यादीतून विंडोज गायब झालंय. परवा अपडेट झालं आणि आता उबुंटूही उघडत नाही. लोगो येतो, मग काळा पडदा. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आहे. भाचा म्हणतो, अपडेट कायमचे बंद करून टाक. चार पत्रिका अडकल्यात. काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी पत्रिका. मशीन चालू करताच एफ12 दाबत राहा. काही कंपन्यांत ही कळ एफ9 किंवा एफ8 असते. एक छोटी यादी येईल, तीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसलं की ते निवडा. यादीतून नाव गेलं म्हणजे विंडोज पुसलं गेलं असं नव्हे, फाइली जागेवरच असतात. फक्त विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आहेत. तेव्हा त्यात काम करताना नेट काढून ठेवा.

आता उबुंटू. अपडेटमध्ये नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, येतं, पण जुनं लगेच जात नाही. ते मागे ठेवलेलं असतं, ते अशाच वेळेसाठी. कंपनीचा लोगो गेला रे गेला की एस्केप एकदा दाबा. जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. एस्केप जास्त वेळा दाबला गेला तर काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ (सुरुवातीची यादी दाखवणारा प्रोग्राम) आणि पुढे बाणासारखी खूण दिसेल. घाबरू नका, इंग्रजीत ‘रीबूट’ टाइप करून एंटर मारा आणि पुन्हा प्रयत्न करा. यादी आली की ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’मध्ये जा आणि वरून दुसऱ्या आकड्याचं कर्नल निवडा. त्याच नावापुढे ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ मात्र सोडून द्या. एनव्हिडिया असल्यावर बहुतेक वेळा कार्ड चालवणारा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी नीट बसलेला नसतो. जुन्या कर्नलने आत गेल्यावर ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून तो पुन्हा बसवून पाहा.

विंडोज का गेलं, तर ग्रबच्या 2.06 या आवृत्तीपासून डिस्कवर दुसरी सिस्टिम शोधणं सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलंय आणि 22.04 मध्ये हाच ग्रब आहे. ‘ईटीसी’ फोल्डरात ‘डिफॉल्ट’ आणि त्यात ‘ग्रब’ नावाची फाइल आहे. आधी तिची नक्कल काढून ठेवा, मग टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘सुडो नॅनो’ने ती उघडा. ‘सुडो’ म्हणजे मालकाच्या हक्काने, ‘नॅनो’ म्हणजे फाइल बदलायचा प्रोग्राम. ‘टाइमआउट स्टाइल’पुढे ‘हिडन’ असतं, तिथे ‘मेनू’ करा. ‘टाइमआउट’पुढे 0 असेल, तिथे 10 घाला. ‘डिसेबल ओएस प्रोबर’ची (प्रोबर म्हणजे दुसरी सिस्टिम शोधणारा) ओळ शोधा, तिच्यापुढे ‘फॉल्स’ हवं. ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण असेल तर ती काढा, नाहीतर ओळ कोणी वाचतच नाही. ओळच नसेल तर शेवटी स्वतः लिहा. नावाच्या सुरुवातीला ‘ग्रब’, नावातली सगळी अक्षरं मोठी आणि शब्दांमध्ये अंडरस्कोअर, वरच्या ओळींसारखंच. ‘फॉल्स’ मात्र लहान अक्षरांत.

एवढं करून लोक मशीन बंद करतात आणि काहीच बदललं नाही म्हणून फोन करतात. फाइल सेव्ह केल्यावर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवायलाच हवं. चार-पाच ओळी सरकतील, त्यात ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ अशी ओळ दिसली की काम झालं. ‘बूट’ फोल्डरातल्या ग्रबच्या फाइलीत थेट हात घालू नका. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर ती नव्याने लिहिली जाते, तुमचा बदल पुसला जातो.

राहिलं भाच्याचं म्हणणं. त्याच्या काळजीमागचा हेतू मला कळतो, पण हे ऐकू नका. तुमच्या मशीनवर गिऱ्हाइकांचे फोटो, पत्ते, फोन नंबर असतात. सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट 22.04 ला एप्रिल 2027 पर्यंत मिळणार आहेत. ते नाकारून काय मिळवणार? मी साताऱ्यातल्या एका वाचनालयाचे नऊ संगणक सांभाळते. एकदा ‘बूट’मध्ये जागा नाही असा निरोप आला आणि मी जुनी कर्नलं हाताने पुसली. नवं अर्धवट बसलेलं होतं आणि मागे जायला काही उरलं नव्हतं. पेनड्राइव्हवरून सिस्टिम उभी करेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. तेव्हापासून जागा करायची असेल तर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ हीच आज्ञा देते. चालू असलेलं कर्नल ती सोडते, मागचंही एक ठेवते.

आणि कोकणातला पाऊस. ढग भरून आले असतील तर मोठं अपडेट सुरू करू नका, यूपीएस असला तरी. मधेच लाइट गेली तर परत आल्यावर आधी ‘सुडो डीपीकेजी’, त्यापुढे दोन आडव्या रेघा जोडून ‘कॉन्फिगर’, मग एक आडवी रेघ जोडून लहान ‘ए’. अर्धवट राहिलेली पॅकेजं ती पूर्ण बसवते. त्यानंतरच बंद-चालू करा.