कागद उलटायचा राहिला

शिवायला घेतले की काहीतरी बिघडतेच, आपल्या हाताला गुण नाही, तेव्हा हा नाद सोडून द्यावा का, असा प्रश्न घेऊन येणाऱ्या स्त्रिया मला समुपदेशनाच्या कामात अनेकदा भेटतात. त्यांतील एकीची हकिकत मी तिच्या परवानगीने येथे लिहीत आहे आणि तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या ताई वेंगुर्ल्याकडच्या एका गावातल्या, वयाने चाळिशी ओलांडलेल्या. लग्नापूर्वी त्यांनी तीन महिन्यांचा शिवणवर्ग केला होता आणि मुले मोठी झाल्यावर जुने मशीन विकत घेऊन घरचे परकर, उशांचे अभ्रे आणि शेजारणींच्या साड्यांचे फॉल लावायला सुरुवात केली होती. मागच्या चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या नणंदेने आपल्या रेशमी साडीतला छापील ब्लाऊजपीस आधीच पाठवून दिला आणि 'गणपतीत घालीन' असे सांगितले. गणपती यायला दोन दिवस राहिले असताना ताईंनी बाह्या जोडायला घेतल्या, तेव्हा लक्षात आले की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या आहेत. कापड उरलेले नव्हते. नणंद म्हणाली, "राहू दे वहिनी, मी दुसरा घालते." सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "कापलेला कापाड परत जोडूक येणा नाय." त्या रात्री ताईंनी मशीनवर झाकण घातले ते पुढचे दहा महिने काढलेच नाही.

त्या माझ्याकडे आल्या त्या आषाढात, आणि तेही शिवणासाठी नव्हे. झोप लागत नाही, चतुर्थी जवळ येते आहे, नणंद येणार आहे, या विचाराने छातीत धडधडते, असे त्यांचे म्हणणे होते. अशा वेळी मी आधी काही गोष्टी तपासून घेते. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काही असेल तर शिवणाविषयी बोलण्यापूर्वी डॉक्टरांची भेट घेणे आवश्यक असते. ज्यांना लगेच कुठे जाता येत नाही त्यांना मी 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक देते. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि ती मराठीतूनही मिळते. ताईंच्या बाबतीत तसे काही नव्हते. घर, बाग, बचतगटाचा हिशेब हे सारे त्या मन लावून करत होत्या. भीती होती ती मशीनच्या झाकणापाशी येऊन थांबणारी होती.

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. "असे सगळ्यांचेच होते, त्यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काही नाही," असे मी त्यांना म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि त्यानंतर त्या बोलायच्याच थांबल्या. धीर देण्याच्या इच्छेने उच्चारलेले हे वाक्य घरातले, शेजारचे सगळेच बोलतात. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच कळते की हिला माझे ऐकायचे नाही. दुसऱ्या भेटीत मी तो धीर बाजूला ठेवला आणि विचारले, "ताई, बाह्या कशा कापल्यात ते मला पहिल्यापासून सांगा. कापड कुठे पसरलेत, घडी कशी घातलीत, मापाचा कागद कसा ठेवलात?"

त्यांना आश्चर्य वाटले, कारण दहा महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. बाहीच्या मुंढ्याचा, म्हणजे ती खांद्यापाशी जोडली जाते त्या कडेचा, पुढचा बाक मागच्यापेक्षा अधिक खोल असतो, म्हणून डावी आणि उजवी बाही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असाव्या लागतात. कापडाची सुलटी बाजू आत ठेवून दुहेरी घडीवर बेतले की हे आपोआप साधते. ताईंच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी पडत होता, त्यामुळे दुहेरी घडीत बाही बसेना. म्हणून त्यांनी एकेरी कापडावर आधी एक बाही कापली आणि मग तोच कागद जसाच्या तसा ठेवून दुसरी कापली. दोन्ही बाजू सारख्या असलेले साधे कापड असते तर दुसरी बाही उलटून लावता आली असती. छापील कापडात ती सोय नव्हती. एवढे सांगता सांगता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, कागद उलटायचा राहिला."

माझ्या मते या हकिकतीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होता. दहा महिने त्या 'मला काहीच नीट जमत नाही' हे वाक्य मनात घोळवत होत्या, आणि त्या वाक्यात कागद कुठेच नव्हता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा असा आहे की घटनेतून थेट भावना निर्माण होत नाही. मधे त्या घटनेविषयी आपण करून घेतलेले मत असते, आणि माणसाच्या एखाद्या कृतीला चूक म्हणणे वेगळे व त्या माणसालाच चुकीचे ठरवणे वेगळे. बाही चुकली ही घटना. 'माझ्या हाताला गुण नाही' हे मत. धडधड होते ती या मताची. अशा मतावर उपाय सापडत नाही, कारण ते कोणत्याही एका कृतीकडे बोट दाखवत नाही. कागद मात्र पुढच्या वेळी उलटता येतो.

नणंदेचे वाक्यही आम्ही असेच पुन्हा ऐकले. ती म्हणाली होती, "राहू दे वहिनी, मी दुसरा घालते." ताईंनी ऐकले होते, "तुझ्याच्याने होणार नाही, सोड." नणंदेच्या मनात नेमके काय होते हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण उच्चारलेले शब्द आणि आपण त्यांना जोडलेले शब्द वेगळे करून मांडले की माणसाला मोकळेपणे श्वास घेता येतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

भीतीवरचा दुसरा भाग प्रत्यक्ष मशीनपाशी करायचा असतो. टाळलेल्या गोष्टीची भीती टाळण्याने वाढते, म्हणून तिच्याजवळ पायरीपायरीने जावे लागते. पहिली पायरी फक्त झाकण काढण्याची होती, आणि तिथेच एक नवे संकट उभे राहिले. मशीनचे चाक फिरेना. "मी हात लावला की यंत्रसुद्धा बिघडते," असे त्यांनी मला फोनवर सांगितले. पुन्हा तेच वाक्य आले होते, म्हणून मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, की नेमके काय झाले असेल. मशीन बंद करण्यापूर्वी त्यांनी घरातले खोबरेल त्यात घातले होते. आपल्याकडे बरेच जण असे करतात, कारण खोबरेल हाताशी असते. पण खोबरेल सुमारे 24 अंशांच्या खाली थिजते, काळ गेला की त्याचा चिकट थर बसतो, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळाभर बंद राहिलेल्या लोखंडाला गंज चढतो. गावातल्या मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ते सोडवले, रॉकेलने धुतले, मशीनचे तेल घातले आणि गंजलेली सुई बदलली. ताईंना त्याने सांगितले की पावसाळ्यात काम नसले तरी आठवड्यातून एकदा चिंधीवर टीप मारत जा. ही सूचना मी इतरांनाही देते, कारण ती मशीनच्या आणि भीतीच्या दोन्ही बाबतींत खरी आहे.

पुढच्या पायऱ्या त्यांनीच ठरवल्या. रेघांच्या वहीच्या कागदावर दोरा न ओवता सरळ टीप. मग जुन्या साडीचा अभ्रा. मग वर्तमानपत्रावर संपूर्ण ब्लाऊज बेतणे. मग जुन्या सुती साडीवर तोच ब्लाऊज, आधी हाताने धावदोरा घालून, अंगाला लावून पाहून आणि त्यानंतरच मशीनवर. प्रत्येक पायरीला किती भीती वाटली याचा दहापैकी आकडा त्या एका वहीत लिहीत आणि त्याखाली काय बिघडले व कोणत्या कृतीपाशी, एवढेच लिहीत. स्वतःविषयीचे एकही विशेषण त्या वहीत लिहायचे नाही, असे आमचे ठरले होते. एका पानावर असे होते: 'अस्तर न भिजवता लावले. धुतल्यावर आटले, ब्लाऊजला चुण्या पडल्या.' सुती अस्तर पहिल्या पाण्यात आटते. शेकडा तीन जरी आटले तरी 36 इंचांच्या घेरात इंचभर फरक पडतो, आणि वरचे कापड तेवढे आटत नाही म्हणून चुण्या दिसतात. दुसऱ्या पानावर: 'शिलाईची जागा दोनदा धरली, सैल झाला.' ही पाने वाचताना मला दिसले की चुका कमी झालेल्या नव्हत्या, काही तर नव्या होत्या, पण भीतीचा आकडा आठवरून तीनवर आला होता.

मला हेही नोंदवायचे आहे की सगळे काही सुरळीत झाले नाही. पाचव्या भेटीच्या आधी त्यांनी शेजारणीचा एक ब्लाऊज घेतला आणि पुढच्या गळ्याची खोली मागच्या भागावर कापली. पैसे भरून द्यावे लागले. त्या दिवशी त्यांनी वही लिहिली नाही. दोन दिवसांनी लिहिली. त्यानंतर कापण्यापूर्वी प्रत्येक भागावर खडूने 'पुढे' किंवा 'मागे', 'डावी' किंवा 'उजवी' असे लिहिण्याची सवय त्यांनी लावून घेतली.

श्रावण संपत आला तेव्हा त्या नणंदेचा तो जुना ब्लाऊज घेऊन आल्या. अंगाचा भाग शाबूत होता. साडीच्या काठाच्या रंगाचे साधे कापड आणून त्यांनी नव्या बाह्या बेतल्या होत्या, आणि चुकलेल्या छापील बाह्यांतून दोन पट्ट्या काढून त्या नव्या बाह्यांच्या कडेला लावल्या होत्या. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता परत दिला, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, त्याचा अर्थ तुम्ही काय लावलात? त्या म्हणाल्या, "लावला नाही."

गणपती झाल्यावर त्यांचा फोन आला. नणंदेने ब्लाऊज घातला होता, पण मागचा गळा रुंद झाल्याने डावा खांदा सारखा घसरत होता आणि तिने तसे सांगितलेही होते. ताईंनी तिच्यासमोरच वही काढून ते लिहून घेतले आणि खांद्यापाशी अर्धा इंच आत घेऊन दुसऱ्या दिवशी तो परत दिला. पुढची भेट आम्ही ठरवली नाही. गरज वाटली तर फोन करा, एवढे सांगून मी त्यांची फाईल मिटली.