पाण्याखाली ‘लिपी’ की ‘ग्रंथ’?

प्रश्न असा: समुद्रतळी राहणाऱ्या काल्पनिक लोकांची कथा लिहिताना त्यांच्या लेखनाला ‘लिपी’ म्हणावं का, आणि क्रियापद ‘लिहिणे’च ठेवावं का?

‘लिपी’ टाळलेली बरी. परंपरेने हा शब्द ‘लिप्’ म्हणजे लिंपणे, माखणे या धातूशी जोडतात. (बरेच अभ्यासक मूळ जुन्या फारसीतल्या ‘दिपि’कडे नेतात, अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘दिपि’च आहे.) मूळ कुठलंही धरा, डोळ्यांपुढे शाई येते आणि शाई पाण्यात विरते. ‘लिहिणे’ तगतं, कारण ‘लिख्’ म्हणजे ओरखडणे, कोरणे. पण कोरलेलंही फार दिवस वाचता येत नाही. बुडालेल्या दगडावर काही तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ, मग बार्नेकल, म्हणजे दगडाला कायमचे चिकटणारे कवचवाले जीव. बार्नेकलच्या अळ्या बसायला खाचाच शोधतात, म्हणजे आधी बुजतं ते अक्षरच. ‘लाल अक्षरांत’ तर लिहूच नका; दहा-एक मीटर खाली लाल रंग करडा-तपकिरी दिसतो.

माझं मत ‘ग्रंथ’ला, म्हणजे या लोकांनी दोरीला गाठी मारून लिहावं. ‘ग्रन्थ्’ म्हणजे बांधणे, गुंफणे. आपली ‘गाठ’ही त्याच घरातली, ‘ग्रन्थि’वरून आलेली. ‘सूत्र’ म्हणजे तर मुळात दोराच. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांच्या ‘किपू’त, म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या नोंदींत, असं खरोखर होतं: मुख्य दोरीला लोंबत्या दोऱ्या, गाठीच्या जागेवरून एकक, दशक, शतक. एककाच्या जागी लांब गाठ, तिला जितके वेढे तितका आकडा, दोनपासून नऊपर्यंत. एकासाठी इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ, कारण एका वेढ्याची लांब गाठ साध्या गाठीसारखीच होते. हे अंधारातही बोटांनी वाचता येतं. भिजलेला नैसर्गिक धागा फुगतो आणि गाठ आवळून बसते, सुटता सुटत नाही. तेव्हा या लोकांच्या तोंडी ‘खाडाखोड’ नको. चुकलं की दोरी कापायची.

क्रियापद ‘गुंफणे’ घ्या. ‘गाठणे’ घेतलंत तर ‘तिने निरोप गाठला’ हे वाक्य निरोपापर्यंत पोचल्यासारखं वाचलं जाईल.

जाता जाता बोलण्याबद्दल. ख, घ, भ यांना आपण महाप्राण म्हणतो ते सोडलेल्या श्वासामुळे. हवा नसेल तर ते आधी गळतात, आणि खरं तर प, त, क हेही उरत नाहीत. उरतो तो ‘च्च’. हळहळताना जिभेने काढतो तो आवाज, त्याला फुप्फुसातली हवा लागतच नाही. मात्र त्यांच्या बोलण्याला ‘चुकचुकणे’ म्हटलंत की मराठी वाचकाच्या मनात लगेच शंकेची पाल येते. त्यापेक्षा ‘जिभेने टकटक केली’ असं सरळ लिहा.