ग्रंथपालाला विचारा

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. पुण्यातल्या फुले दांपत्याच्या मुलींच्या शाळेवर प्रकल्प दिलाय. मोबाइलवर पहिलं दिसेल ते ती उतरवून काढते. ग्रंथालयाच्या तासाला नुसती गोष्टींची पुस्तकं बदलून मिळतात. काय करावं?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, विषय फार छान मिळालाय. शाळा १८४८ साली सुरू झाली, यावर बहुतेकांचं एकमत आहे. दिवस मात्र कुठे १ जानेवारी दिसेल, कुठे ऑगस्टमधला. हा फरक तिला स्वतः शोधू द्या. वहीत तीन रकाने आखायचे : माहिती, कुठे मिळाली, ती कुणी आणि कधी लिहिली. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर त्या मजकुरावर भिस्त ठेवायची नाही.

मग मराठी विश्वकोशातली फुल्यांवरची नोंद वाचायची, ती इंटरनेटवर मोफत आहे. त्यानंतर ग्रंथालयात ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ मागायचं. त्यात जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगाला, दिलेलं निवेदन आहे. ते स्वतः काय सांगतात आणि इतर लोक त्यांच्याविषयी काय सांगतात, हे मुलीनं शेजारी शेजारी ठेवून बघावं. इतका आनंद दुसऱ्या कशात नाही, हे मी मुलांच्या चेहऱ्यावर रोज बघते.

शाळेत पुस्तक नसेल तर जिल्हा ग्रंथालयात जा. पालक सभेत बाईंना एवढंच सुचवा, की महिन्यातला एक तास कोश आणि पुस्तकामागची सूची बघायला द्यावा. आणि तारीख नक्की ठरली नाही, तर प्रकल्पात दोन्ही लिहू द्या, आधारासकट.