आठ हजार युरोत पहिल्या पिढीची ऑडी टीटी घ्यावी का? जाणकारांची मतं इतकी उलटसुलट का आहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्युनिकमध्ये नोकरी, हाताशी आठ हजार युरो, आणि मन बसलंय 2002 च्या आसपासच्या एका चंदेरी टीटी कूपेवर. ऑफिसातला जर्मन सहकारी म्हणतो ही हेअरड्रेसरची गाडी, दुसरा म्हणतो उद्याची क्लासिक आहे, डोळे झाकून घे. तिसरा म्हणतो पैसे खाईल. शिवाय परत जाताना ती पुण्याला नेता येईल का, हेही विचारलंय.

माझ्याकडे 225 पीएसवाली (पीएस म्हणजे जर्मनीतली अश्वशक्ती) आहे आणि न्युरेंबर्गमध्ये ती रोजच्या वापरात आहे. म्हणजे मी काही तटस्थ पंच नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

या गाडीबद्दल कोणी मत दिलं की मी आधी विचारतो, याआधी तुमच्याकडे कोणती गाडी होती? निम्मं उत्तर तिथेच मिळतं. बीएमडब्ल्यूची ई46 कूपे किंवा जुनी पोर्शे 944 चालवलेला माणूस टीटीत बसला की दहा मिनिटांत नाक मुरडतो. स्टेअरिंग बोलत नाही, वळणावर पुढचं टोक बाहेर ढकललं जातं, ही त्याची तक्रार. आणि ती खरी आहे. टीटीच्या खालचा सांगाडा म्हणजे फोक्सवॅगन समूहाचा पीक्यू34 प्लॅटफॉर्म, तोच जो चौथ्या पिढीच्या गोल्फखाली, पहिल्या ए3 खाली आणि पहिल्या ऑक्टाव्हियाखाली आहे. इंजिन आडवं, पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे झुकलेलं. पुढे वजन जास्त असलं की गाडी वळणावर तशीच वागणार. आपल्याकडे संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत जोडली जाणारी जुनी ऑक्टाव्हिया आठवत असेल, तर तिची आरएस आवृत्ती याच 1.8 टर्बो इंजिनाच्या 150 पीएस रूपावर धावायची. ती चालवलेल्या माणसाला टीटीचा पिक-अप ओळखीचा वाटेल.

गोल्फवरून टीटीवर आलेला माणूस मात्र स्वर्गात असतो. त्याला सगळं तेच मिळतं, शिवाय वर हे शरीर.

आणि शरीराबद्दल बोलायलाच हवं, कारण ही गाडी घ्यायचं खरं कारण तेच आहे. 1995 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही कन्सेप्ट म्हणून आली. कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत फ्रीमन थॉमस आणि जे मेज यांनी तिची कल्पना रंगवली, तर पीटर श्रायर यांचं नाव ती रस्त्यावर आणण्याशी जोडलेलं आहे. अशा कन्सेप्ट गाड्या कारखान्यात जाईपर्यंत ओळखू येत नाहीत. हिच्यात सहज दिसेल असा बदल म्हणजे मागे वाढवलेली छोटी बाजूची काच. ती नसती तर गाडी अजून देखणी दिसली असती म्हणणारे हट्टी लोक आजही आहेत. 1998 ला उत्पादन सुरू झालं. बॉडी इंगोलश्टाटला बनवून रंगवायची आणि जोडणीसाठी हंगेरीत ग्योरला पाठवायची, असा कारभार होता. नाव आलं आयल ऑफ मॅनच्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीवरून. पुढे ऑडीत विलीन झालेल्या एनएसयू कंपनीची साठच्या दशकातली छोटी टीटी या नावाने आधीच गाजलेली होती.

बघायला जाल तेव्हा एक करा: आत बसून एसीच्या गोल झरोक्यांभोवतीची कडी फिरवा. ती खऱ्या अ‍ॅल्युमिनियमची आहे, जानेवारीत बोटांना चटका लागावा इतकी थंड. फिरवली की झरोका उघडतो, उलटी फिरवली की बंद. रेडिओवर धातूचं झाकण. बाहेर टाकीचं गोल झाकण, त्याच्या कडेने स्क्रूची डोकी मुद्दाम उघडी ठेवलेली. पंचवीस वर्षांच्या गाडीत या गोष्टी अजून खुळखुळत नाहीत, आणि या किमतीच्या दुसऱ्या कुठल्याही कूपेत इतका जीव ओतलेला दिसत नाही. ई46 चा डॅशबोर्ड उत्तम आहे, पण तो चार दरवाजांच्या सेडानमधून उचललेला आहे हे लपत नाही.

‘हेअरड्रेसरची गाडी’ हा टोमणा सोडून द्या. देखणी गाडी बायकांनी आवडीने घेतली म्हणून पुरुषांचा अहंकार दुखावला, यापलीकडे त्यात काही नाही.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो पूर्ण ऐकून घ्या. सुरुवातीच्या गाड्यांना मागे स्पॉयलर नव्हता. ऑटोबानवर खूप वेगात असताना अचानक लेन बदलली किंवा वळणात एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग हलका होऊन गाडी घसरायची. 1999 च्या सुमारास अपघात झाले, माणसं गेली. त्यानंतर 2000 मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, आणलं. काही मालकांनी रूप बिघडेल म्हणून स्पॉयलर बसवून घेतला नाही, आणि आज त्याच ‘बिनशेपटीच्या’ गाड्या शौकीन लोक शोधत फिरतात. त्यांनी फिरावं. तुम्ही रोज चालवणार, पावसात, म्युनिक–न्युरेंबर्ग ऑटोबानवर. ईएसपी असलेलीच घ्या. 2002 ची असेल तर हा प्रश्न मिटलेलाच आहे.

इंजिनांवरून शौकिनांत जी भांडणं होतात ती तुमच्या बजेटमध्ये फारशी उपयोगाची नाहीत, तरी सांगतो. 180 पीएस पुढच्या चाकांवर किंवा क्वाट्रोसह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या रचनेसह, मिळते. 225 फक्त क्वाट्रो, सहा गिअर, मोठा टर्बो, दोन इंटरकूलर, ताशी शंभर किलोमीटरला साडेसहा सेकंदांच्या आत. 2003 ला आलेली 3.2 लिटरची सहा सिलिंडरची व्हीआर6, 250 पीएस, हिचा आवाज ऐकला की माणूस हिशेब विसरतो. डीएसजी हा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स रस्त्यावरच्या गाड्यांत सर्वांत आधी आला तो हिच्यात आणि गोल्फ आर32 मध्ये. पण व्हीआर6 ची टायमिंग चेन ताणते, ती गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे, म्हणजे चेन बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आठ हजारांत गाडी घेऊन चेनचं बिल आलं तर पाठोपाठ दुसरी गाडी घेतल्यासारखं होईल. 2005 ची हलकी क्वाट्रो स्पोर्ट, 240 पीएस, मागची सीट काढून रेकारोच्या खुर्च्या घातलेली, ती तुमच्या बजेटच्या बाहेर आहे. नुसते फोटो बघा.

कट्टर लोक ‘ही खरी क्वाट्रो नाही’ म्हणतात तेही तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. यात हाल्डेक्स क्लच आहे. एरवी गाडी बहुतांशी पुढच्या चाकांवर चालते, चाक घसरू लागलं की मागे ताकद जाते. बर्फात हे व्यवस्थित काम करतं, अट एवढीच की हाल्डेक्सचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदललेले असावेत. बरेच मालक तिथे तेल असतं हेच विसरतात. ओल्या खडीवर गाडी उभी करून जरा जोरात काढा. नुसती पुढची चाकं फिरत खडी उडवत राहिली तर समजा मागचं बंद पडलंय.

आता ज्यावर तुमचे पैसे खरंच जातील ते बघा.

मीटर. काट्यांच्या मधल्या लाल पडद्यावर अक्षरांच्या रेघा गायब असतील, पेट्रोलचा काटा टाकी भरलेली असताना अर्ध्यावर असेल, इंजिन तापल्यावर तापमानाचा काटा 90 वर न थांबता भटकत असेल, तर मीटर दुरुस्तीला आलंय. या मॉडेलचा हा इतका ठरलेला आजार आहे की अमेरिकेत त्यावरून ग्राहकांनी एकत्र दावा लावला होता. मीटर बदलू नका, दुरुस्त करून घ्या. चोरीविरोधी लॉक त्याच्याशी बांधलेलं असतं, दुसऱ्या गाडीचं मीटर आणून बसवलं की किल्ली, कोडिंग सगळं नव्याने करत बसावं लागतं. जर्मनीत मीटर पोस्टाने मागवून दुरुस्त करून देणारे लोक आहेत, काही शे युरोंत काम होतं.

टायमिंग बेल्ट. 1.8 टर्बोचा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. कंपनीने सुरुवातीला दिलेलं किलोमीटरचं अंतर फार मोठं होतं, त्यावर कोणीही जाणकार विसंबत नाही. पाच-सहा वर्षांनी किंवा लाख किलोमीटरच्या बरंच आत, वॉटर पंपासकट, असा रिवाज आहे. पंपाचा आतला पंखा आधी प्लास्टिकचा असायचा, बदलताना धातूचा घ्या. विकणारा ‘आत्ताच केलंय’ म्हणाला तर बिल मागा. बिल नसेल तर केलेलं नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा. इथे लाजू नका, जर्मन माणूस याचा राग मानत नाही.

बाकी गोष्टी किरकोळ: इग्निशन कॉइल, दारातला छोटा स्विच गेला की काच दार उघडताना खाली न सरकणं, तुटलेली मागची स्प्रिंग. स्प्रिंग मात्र गाडी लिफ्टवर घेऊन बघा, खालचा वेढा तुटतो आणि वरून काही कळत नाही. बॉडी झिंकचा थर दिलेली असल्याने गंजाचा त्रास त्या काळच्या मर्सिडीज सीएलकेच्या मानाने खूपच कमी. इंजिनाचे, ब्रेकचे, सस्पेन्शनचे भाग गोल्फचेच, म्हणून स्वस्त आणि कुठेही मिळतात. महाग काय पडतं, तर टीटीचे स्वतःचे आतले-बाहेरचे तुकडे. ती अ‍ॅल्युमिनियमची कडी तुटलेली असेल तर ती शोधण्यात जीव जाईल. म्हणून आतून नीटनेटकी आणि इंजिनाने जरा थकलेली गाडी मला उलट प्रकारच्या गाडीपेक्षा बरी वाटते. यावर माझ्या ओळखीचे दोन मेकॅनिक माझ्याशी भांडतात.

मोडिफाय केलेली घेऊ नका. या इंजिनात चिप टाकून ताकद वाढवणं इतकं सोपं आहे की वीस वर्षांत तीन मालकांनी तिघांच्या मनासारखं केलेलं असतं. सायलेन्सर, रुंद चाकं, खाली बसवलेलं सस्पेन्शन यातलं काहीही असेल तर त्याची कागदावर नोंद आहे का बघा. नाहीतर ट्यूफच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ते बघणाऱ्या सक्तीच्या, तपासणीत अडकाल, आणि ती दर दोन वर्षांनी दारात उभीच आहे.

‘उद्याची क्लासिक’ म्हणणाऱ्यांचं गणित एकदा मांडून बघा. तीस वर्षं झाली की जर्मनीत जुन्या ऐतिहासिक गाड्यांची एच नंबरप्लेट मिळते, पहिल्या टीटी 2028 पासून त्यात बसतील. त्या प्लेटचा वार्षिक कर सरसकट 191 युरो. तुमच्या 1.8 ला जुन्या गाड्यांना आजही लागू असलेल्या पद्धतीने, दर 100 सीसीला 6.75 युरो धरून, 121.50 युरो लागतात. म्हणजे क्लासिक झाल्यावर कर वाढेल. मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना एच प्लेटचा फायदा होतो, हिला करात नाही. शिवाय पहिल्या पिढीच्या टीटी अडीच लाखांहून जास्त बनल्या, दुर्मिळ म्हणावं असं काही नाही. भाव पडायचा तेवढा पडून गेलाय, त्यामुळे फार तोटा होणार नाही, एवढंच मी म्हणेन.

माझा सल्ला विचाराल तर 225, ईएसपीसह, मूळ अवस्थेतली, बिलांची फाइल असलेली. बजेटमधले साडेसहा हजार गाडीला आणि उरलेले पहिल्या वर्षाच्या कामांना. तशी सापडली नाही तर पुढच्या चाकांवरची 180 सुद्धा चालेल. तिच्यात हाल्डेक्सची कटकट नाही, वजन कमी, आणि शहरात फरक कळतही नाही. मागच्या सीटवर मात्र मोठ्या माणसाला बसवायचा विचार करू नका. आई-बाबा उन्हाळ्यात आले की तुम्हाला ट्रेनचं तिकीट काढावं लागणार.

पुण्याला नेता येईल का? नाही. भारतात आणायची वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि उजव्या बाजूला स्टेअरिंग लागतं. ड्युटीचा तर विषयच काढू नका. ती इथेच विकावी लागेल, आणि तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा मूळ रेडिओ आणि मूळ चाकं विचारेल. बदलली तरी तळघरात जपून ठेवा.